कोन, भुज आणि गुण्या

सरळ रेषांनी वेढलेल्या बंदिस्त आकृतीला नाव द्यायचे झाले, की तिचा एखादा अवयव निवडायचा, तो किती वेळा येतो ते मोजायचे आणि ती संख्या व तो अवयव यांचा समास करून तेच तिचे नाव ठरवायचे, ही रीत फार जुनी आहे. इंग्रजी शाळेतला पेंटॅगॉन आणि मराठी शाळेतला पंचकोन हे दोन्ही शब्द याच रीतीने घडले आहेत, आणि त्यांची घडण इतकी मिळतीजुळती आहे की एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य पुस्तके मराठीत आणणाऱ्या शास्त्रीपंडितांनी ग्रीक शब्द समोर ठेवून त्याला मराठी प्रतिशब्द जुळवला असावा, असे वाचकाला सहज वाटते. शब्दांचा इतिहास मात्र याहून बराच गुंतागुंतीचा आहे. या साम्याचा काही भाग ग्रीक आणि संस्कृत या भाषांना एकाच मूळ भाषेकडून मिळालेला वारसा आहे, काही भाग दोन हजार वर्षांपूर्वीपासून चालत आलेल्या देवाणघेवाणीचे फळ आहे, आणि भाषांतराचा वाटा त्यात सर्वांत थोडा व सर्वांत अलीकडचा आहे. पुणे शहर आणि त्याच्या पाठीशी असलेला मावळ-जुन्नरचा मुलूख यांत या तिन्हींच्या खुणा पाहायला मिळतात. त्यांतल्या काही दगडात आहेत, काही छापील पुस्तकांत, आणि एक तर रोज गवंड्याच्या हातात असते.

बहुभुजाकृतीला इंग्रजीत पॉलिगॉन म्हणतात. या शब्दातला ‘पोलुस’ म्हणजे पुष्कळ आणि ‘गोनिया’ म्हणजे कोपरा. ‘गोनिया’चे नाते ग्रीक भाषेतल्या गुडघ्याला असलेल्या ‘गोनु’ या शब्दाशी जोडले जाते, कारण वाकवलेल्या पायात मांडी आणि पोटरी यांच्यामध्ये जो बाक तयार होतो, त्यावरून कोपऱ्याची कल्पना सुचणे अगदी स्वाभाविक आहे. हाच ‘गोनु’ संस्कृतात ‘जानु’ होऊन येतो, आणि ‘आजानुबाहू’ म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात तो, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. ‘पोलुस’चाही संस्कृतात सगोत्र शब्द आहे, तो म्हणजे पुष्कळ या अर्थाचा ‘पुरु’. म्हणजे पॉलिगॉन या परक्या वाटणाऱ्या शब्दाचे दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे निघतात. फक्त त्यांना तसे जोडून आकृतीचे नाव करण्याचे काम ग्रीकांनी केले.

इसवी सनापूर्वी तीनशेच्या सुमारास अलेक्झांड्रियात ग्रंथरचना करणाऱ्या युक्लिडने मात्र आपल्या व्याख्यांमध्ये आकृत्यांची वर्गवारी कोपऱ्यांवरून केलेली नाही, बाजूंवरून केली आहे. तीन बाजूंच्या, चार बाजूंच्या आणि बहुत बाजूंच्या, असे तो आकृत्यांचे भाग पाडतो, आणि बाजूसाठी ‘प्लेउरा’ हा शब्द वापरतो, ज्याचा मूळ अर्थ बरगडी असा आहे. पुढे प्रत्यक्ष सिद्धांत मांडताना तीन बाजूंच्या आकृतीला तो कोपऱ्यांवरून ‘ट्रिगोनोन’ म्हणतो, पाच कोपऱ्यांची ‘पेंटागोनोन’ होते, सहांची ‘हेक्सागोनोन’. पण चारांपाशी आला की त्याला अडचण येते, कारण ‘टेट्रागोनोन’, म्हणजे शब्दशः चार कोपऱ्यांची आकृती, हे नाव ग्रीक व्यवहारात आधीच चौरसासाठी राखले गेले होते. म्हणून कोणत्याही चार बाजूंच्या आकृतीसाठी त्याला ‘टेट्राप्लेउरोन’ हा बाजूंवरचा शब्द ठेवावा लागतो. नेमकी हीच घटना मराठीतही घडलेली आहे. संस्कृत ‘चतुरस्र’ या शब्दात ‘अस्र’ म्हणजे कोपरा, आणि चतुरस्र म्हणजे चार कोपरे असलेली कोणतीही आकृती. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांमध्ये चारही बाजू सारख्या असलेल्या काटकोनी आकृतीला मुद्दाम ‘समचतुरस्र’ आणि आयताला ‘दीर्घचतुरस्र’ म्हटलेले आहे. प्राकृतातून घासत घासत हा चतुरस्र मराठीत ‘चौरस’ झाला, आणि येता येता त्याचा अर्थ आक्रसून तो फक्त समचतुरस्राचे नाव होऊन बसला, त्यामुळे उरलेल्या सगळ्या चार बाजूंच्या आकृत्यांसाठी मराठीला ‘चौकोन’ हा वेगळा शब्द वापरावा लागला. एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या दोन भाषांमध्ये चारच्याच आकड्यापाशी हे व्हावे, याचे कारण उघड आहे: शेत, खोली, ओटा, वेदी, विटेचा माथा, माणूस जे जे चार कोपऱ्यांचे घडवतो ते ते शक्य तितके चौरस किंवा निदान काटकोनी घडवू पाहतो, आणि व्यवहारात जे सर्वांत जास्त दिसते त्याला सामान्य नाव चिकटते.

संख्यावाचक शब्दांचे प्रकरण त्यामानाने सरळ आहे. ग्रीक पेंटे आणि संस्कृत पञ्च, हेक्स आणि षट्, हेप्टा आणि सप्त, ऑक्टो आणि अष्ट, एनेआ आणि नव, डेका आणि दश ही एकाच कुळातली चुलतभावंडे आहेत, त्यांतला कोणीही दुसऱ्याकडून उसना घेतलेला नाही. ग्रीक भाषेत शब्दारंभीचा ‘स’ झिजून ‘ह’ झाला एवढा एक नियम ध्यानात घेतला, की हेप्टात सप्त स्पष्ट ऐकू येतो. सिंधूचा हिंदू करणाऱ्या इराणी भाषांनीही हाच बदल केला होता, पण तो त्यांनी स्वतंत्रपणे केला. त्यामुळे हेप्टागॉन हा शब्द घोकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात सप्तकोन दडलेला आहे हे एकदा कोणी दाखवले, तर पाठांतराचे निम्मे ओझे उतरते, आणि हे दाखवण्याचे काम संस्कृत व गणित हे विषय वेगवेगळ्या तासांना शिकवणाऱ्या शाळांत सहसा कोणीच करत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. इंग्रजीतली नावे सगळी शुद्ध ग्रीक आहेत असेही नाही. तीन आणि चार बाजूंच्या आकृत्यांची रोजच्या वापरातली नावे लॅटिन आहेत, आणि नऊ कोनांच्या आकृतीचे ‘नोनागॉन’ हे प्रचलित नाव लॅटिन संख्या व ग्रीक कोपरा यांची मिसळ आहे. तिचे निखळ ग्रीक नाव ‘एनेआगॉन’ असे होते.

आता ‘कोण’ या शब्दाकडे वळले पाहिजे, कारण खरा वाद तिथे आहे. शुल्बसूत्रांत कोपऱ्यासाठी अस्र किंवा अश्रि हे शब्द येतात, आणि ‘कोण’ हा शब्द भूमितीच्या अर्थाने पुढच्या काळात रुळलेला दिसतो. काही विद्वानांनी त्याचा संबंध ग्रीक ‘गोनिया’शी लावला आहे, तर काहींनी वाकडेपणा दाखवणाऱ्या तमिळ ‘कोण्’सारख्या द्राविडी शब्दांकडे बोट दाखवले आहे. ‘त्रिकोण’ या शब्दाची गोष्ट मात्र अधिक निश्चित आहे, कारण फलज्योतिषात तो एका विशिष्ट पारिभाषिक अर्थाने येतो. कुंडलीतले पाचवे आणि नववे स्थान यांना त्रिकोणस्थाने म्हणतात, कारण पहिले, पाचवे आणि नववे ही स्थाने राशिचक्रावर जोडली तर समभुज त्रिकोण तयार होतो, आणि ग्रीक ज्योतिषात याच रचनेला ‘ट्रिगोनोन’ म्हणत. हा शब्द एकटा आलेला नाही. केंद्र हा ग्रीक ‘केंट्रोन’, जामित्र हा ‘डायामेट्रोस’, होरा हा ‘होरा’, द्रेष्काण हा ‘डेकानोस’ आणि पणफर हा ‘एपानाफोरा’ यांवरून आला, याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही. वराहमिहिराने बृहज्जातकात राशींची जी पर्यायी नावे दिली आहेत, त्यांतला क्रिय म्हणजे ग्रीक मेंढा, जितुम म्हणजे जुळे, लेय म्हणजे सिंह, पाथोन म्हणजे कन्या आणि जूक म्हणजे जू किंवा तराजू, असे थेट ग्रीक शब्दांचे संस्कृत उच्चार आहेत. केंद्र या शब्दाचा पुढचा प्रवास तर विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ग्रीकांकडून घेतलेला हा शब्द आज केंद्र सरकारपासून परीक्षा केंद्रापर्यंत मराठीत इतका मुरला आहे की त्याचे परकेपण सांगितल्यावरही खरे वाटत नाही.

या सगळ्या शब्दांची चर्चा मराठीत प्रथम ज्या तोलाने झाली ती शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात. दीक्षित मूळचे कोकणातल्या मुरुडचे, पेशाने शिक्षक, आणि अखेरची वर्षे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात होते. भारतीय ज्योतिष सगळेच ग्रीकांकडून आले असे म्हणणारे काही युरोपीय पंडित एका बाजूला आणि परक्याकडून काहीच घेतले नाही असे मानणारी स्वदेशी भावना दुसऱ्या बाजूला, अशा काळात त्यांनी ग्रंथ उघडून, आकडे पडताळून आणि एकेक शब्द तपासून या प्रश्नाचा निवाडा करण्याचा प्रयत्न केला. त्यांचे काही निष्कर्ष पुढच्या संशोधनाने बदलले, पण ग्रहगणित आणि फलज्योतिष यांचा विचार वेगवेगळा करावा, आणि शब्द उसना आहे म्हणून त्यामागचे सारे गणित उसने ठरत नाही, ही त्यांची शिस्त अजूनही मार्गदर्शक आहे. १८९८ मध्ये, वयाची पंचेचाळिशी गाठते न गाठते तोच ते वारले, आणि एवढ्या मोठ्या कामाला एवढेच आयुष्य मिळाले याची हळहळ त्यांचा ग्रंथ हाताळणाऱ्याला आजही वाटते. कोण या शब्दाचा संपूर्ण इतिहास कधी तरी डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशात मिळेल. परंतु १९४८ मध्ये हाती घेतलेला आणि प्रत्येक शब्दाचे कालानुक्रमे दाखले देणारा हा प्रकल्प अजून ‘अ’ने सुरू होणाऱ्या शब्दांतच आहे, त्यामुळे अस्राला आणि कोणाला अद्याप वाट पाहावी लागणार आहे.

ग्रीक शब्द भारतात आले ते माणसांबरोबर आले, आणि ती माणसे पुणे जिल्ह्यात येऊन गेली याचा पुरावा शिलालेखांतच आहे. जुन्नरच्या लेण्यांत आणि लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहात ‘यवन’ म्हणवणाऱ्या दात्यांचे लेख आहेत. यवन हा शब्द मुळात आयोनियाच्या ग्रीकांसाठी असला तरी तो पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतरांनाही लावला जाई, आणि कार्ल्याच्या दात्यांतला सिहधय यासारखी नावे तर उघडच भारतीय वळणाची आहेत, तेव्हा ही माणसे रक्ताने ग्रीक होती की ग्रीक व्यापाराच्या वर्तुळात वाढलेली होती, हे ठामपणे सांगता येत नाही. त्यांतले बरेच जण धेनुकाकट नावाच्या गावचे आहेत, आणि त्यांनी दान दिले आहे ते खांबांचे. हे खांब अष्टकोनी आहेत. चैत्यगृहाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांबांची रांग आहे, त्यांच्या तळाशी घट, त्यावर आठ पैलूंचा दांडा आणि माथ्यावर हत्तींवर बसलेल्या जोड्या कोरलेल्या आहेत. स्तूपाच्या मागच्या वळणावरचे सात खांब मात्र कोणताही साज नसलेले, नुसते अष्टकोनी आहेत. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी ‘ऑक्टो’ आणि ‘गोनिया’ हे शब्द ज्यांच्या पूर्वजांच्या किंवा सोबत्यांच्या तोंडी असतील अशा माणसाने आठ कोनांचा खांब दान द्यावा, आणि त्यावरचा लेख मात्र प्राकृतात कोरावा, यात शब्दांची ही सारी देवाणघेवाण एका जागी दिसते.

अखंड खडकातून आठ पैलू काढण्यासाठी पाथरवटाला ग्रीक नाव माहीत असण्याची गरज नव्हती. चौरस आखायचा, त्याचा कर्ण मोजायचा, आणि प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर अर्ध्या कर्णाएवढ्या अंतरावर खूण करायची, म्हणजे आठ खुणा मिळतात. त्या ओळीने जोडून चारही कोपरे छाटले की सुसम अष्टकोन उरतो. एक मीटर बाजूचा चौरस घेतला तर प्रत्येक टोकाकडून सुमारे २९ सेंटिमीटर जातात आणि मध्ये सुमारे ४१ सेंटिमीटरची कड राहते. आठाचे सोळा करणे आणि सोळाचा गोल करणे हे पुढचे टप्पे. वास्तुशास्त्रावरच्या ‘मानसार’ या ग्रंथात अशा खांबांची नावे तर संख्येवरून दिलेलीच नाहीत. चौकोनी खांब ब्रह्मकांत, अष्टकोनी विष्णुकांत, गोल किंवा सोळा पैलूंचा रुद्रकांत, पंचकोनी शिवकांत आणि षटकोनी स्कंदकांत. स्थपतीला देवतेचे नाव जवळचे वाटले, गणिताच्या लेखकाला संख्या जवळची वाटली, आणि आकृती तीच राहिली.

‘गोनिया’ हा शब्द पुण्यात आणखी एका वाटेने आला, आणि ती वाट फलज्योतिषाच्या वाटेहून फार वेगळी आहे. गवंडी आणि सुतार काटकोन पडताळण्यासाठी जे साधन वापरतात त्याला मराठीत ‘गुण्या’ म्हणतात. हा शब्द गुण या संस्कृत शब्दाशी जोडण्याचा मोह होतो, परंतु तो फारसी ‘गूनिया’ आहे, आणि फारसीत तो ग्रीक ‘गोनिया’वरून आलेला आहे. पश्चिम आशियातल्या बांधकाम करणाऱ्यांच्या हातून ही लाकडाची किंवा लोखंडाची काटकोनी पट्टी आणि तिचे नाव इराणात गेले, आणि दख्खनमध्ये फारसी राजभाषा असलेल्या राजवटींच्या काळात जे असंख्य कारागिरी शब्द मराठीत आले त्यांच्याबरोबर तेही आले. ओळंबा, पाणसळ आणि गुण्या ही गवंड्याची तीन प्रमाणे. भिंत उभ्यात सरळ आहे का ते ओळंबा सांगतो, थर सपाट आहे का ते पाणसळ सांगते, आणि दोन भिंती मिळतात तिथला कोपरा नव्वद अंशांचा आहे का ते गुण्या सांगतो. ग्रीक भाषेत कोणत्याही कोपऱ्याला गोनिया म्हणत, मराठी गवंड्याचा गुण्या मात्र काटकोनापुरताच आहे. चार कोपऱ्यांच्या नावाचे चौरसापुरते आक्रसणे इथे पुन्हा दिसते, आणि कारणही तेच आहे.

याच नावाचे साधन विद्यार्थ्याच्या कंपासपेटीतही असते. तिथे गुण्ये दोन असतात. एकाचे कोन ४५, ४५ आणि ९० अंशांचे, दुसऱ्याचे ३०, ६० आणि ९० अंशांचे. हे दोन्ही एकमेकांना लावून किंवा एकातून दुसरा वजा करून जे कोन मिळतात ते सगळे १५च्या पटीत येतात, आणि या साध्या गोष्टीतून बहुभुजाकृतींची एक चाळणी तयार होते. सुसम त्रिकोणाचा आतला कोन ६०, चौरसाचा ९०, षटकोनाचा १२०, अष्टकोनाचा १३५ आणि बारा कोनांच्या आकृतीचा १५० अंश असतो; हे सगळे गुण्यांनी काढता येतात. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा, तो पंधराच्या पटीत नाही, म्हणून नुसत्या गुण्यांनी पंचकोन निघत नाही. सप्तकोनाचा कोन तर अंशांत पूर्णही येत नाही. पंचकोन कर्कटक आणि पट्टी घेऊन काढता येतो, आणि युक्लिडच्या चौथ्या पुस्तकात त्याची कृती आहे. त्याच पुस्तकात षटकोन आणि पंधरा कोनांची आकृती यांच्याही कृती आहेत. सप्तकोन मात्र तिथे नाही, आणि तो कर्कटक व पट्टी यांनी काढता येणार नाही हे सिद्ध व्हायला १८३७ साल उजाडावे लागले. त्याआधी १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसने सतरा कोनांची सुसम आकृती काढता येते हे दाखवून दोन हजार वर्षे न हललेला हा प्रश्न हलवला होता. म्हणजे पाच, सहा, सात, आठ ही नावे ओळीने एकसारखी उच्चारली जात असली तरी त्यांच्यामागच्या आकृत्या एकसारख्या सुलभ नाहीत, आणि नावे ही गोष्ट लपवतात.

सप्तकोनापाशी भास्कराचार्य थांबले नाहीत. सह्याद्रीच्या कुशीतल्या विज्जडविड गावच्या या गणितज्ञाने ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त वर्तुळात बसवलेल्या त्र्यस्रापासून नवास्रापर्यंतच्या सातही सुसम आकृत्यांच्या बाजू काढण्याची रीत दिली आहे. १,०३,९२३, ८४,८५३, ७०,५३४, ६०,०००, ५२,०५५, ४५,९२२ आणि ४१,०३१ या संख्यांनी व्यासाला अनुक्रमे गुणायचे आणि १,२०,०००ने भागायचे, की त्र्यस्र, चतुरस्र, पंचास्र, षडस्र, सप्तास्र, अष्टास्र आणि नवास्र यांच्या बाजू मिळतात. व्यास २,००० असेल तर षडस्राची बाजू बरोबर १,००० येते, पंचास्राची १,१७५ पूर्णांक १७/३०, आणि सप्तास्राची ८६७ पूर्णांक ७/१२. आजच्या हिशेबाने सप्तास्राची बाजू ८६७.७७च्या जवळ भरते, म्हणजे दोन हजारांच्या व्यासात चूक एक पंचमांशाहूनही कमी आहे. नवास्रातही तेवढीच आहे, इतर पाचांत ती जवळपास नाहीच. युक्लिडने रेखून सिद्ध करता येईल तेवढेच स्वीकारले आणि सप्तकोन वगळला. भास्कराचार्यांनी मोजता येईल तेवढे सगळे घेतले. या दोन वृत्तींत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याची घाई करू नये, कारण पहिलीतून अशक्यतेची सिद्धता जन्मली आणि दुसरीतून सुताराला, पाथरवटाला, ज्योतिष्याला वापरता येणारा आकडा मिळाला.

‘लीलावती’त अस्र, कोण आणि भुज हे तिन्ही शब्द परस्परांशेजारी नांदतात. भुज म्हणजे हात, आणि तोच आकृतीची बाजू. काटकोन त्रिकोणात आडवा भुज, उभी कोटी आणि तिरपा कर्ण, म्हणजे कान. ग्रीकांनी कोपऱ्यासाठी गुडघा घेतला आणि बाजूसाठी बरगडी, आपण बाजूसाठी हात घेतला आणि तिरप्या रेषेसाठी कान. शरीराबाहेरच्या वस्तूंचीही नावे दोन्हीकडे आहेत. शुल्बसूत्रांत समद्विभुज त्रिकोणाला ‘प्रउग’ म्हटले आहे, तो गाडीच्या दांड्यांचा पुढे निमुळता होणारा भाग आहे, आणि दोन प्रउग पाठीला पाठ लावून होणाऱ्या समभुज चौकोनाला ‘उभयतः प्रउग’ म्हटले आहे. ग्रीकांनी त्याच समभुज चौकोनाला गरगर फिरवण्याच्या वस्तूवरून ‘ऱ्होंबोस’ म्हटले आणि समलंबाला लहान मेजावरून ‘ट्रापेझियोन’. मराठी बोलीने तर डोंगरांनाही अशी नावे दिली. पवना धरणाजवळच्या वितंडगडाचा आकार तिकोनी दिसतो, म्हणून तो आजूबाजूच्या लोकांचा तिकोना झाला. आणि आठ बाजूंच्या रत्नावरून सर्व कामांत निपुण असलेल्या माणसाला ‘अष्टपैलू’ म्हणताना मराठीने संस्कृत संख्येला बाजू या अर्थाचा फारसी ‘पहलू’ जोडला, तो जोड कोणाला खटकत नाही.

पुण्यातून निघणाऱ्या बालभारतीच्या, म्हणजे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या राज्य पाठ्यपुस्तक मंडळाच्या, मराठी पुस्तकांत हा सगळा इतिहास न सांगता सामावलेला आहे. तिथे आकृतीचे सामान्य नाव बाजूंवरून ‘बहुभुजाकृती’ आहे, विशेष नावे कोपऱ्यांवरून पंचकोन, षटकोन अशी आहेत, आणि चौरस हा जुन्या चतुरस्राचा अवशेष आहे. त्रिकोणात ‘ण’ आणि चौकोनात ‘न’ हा भेदही इतिहासाचाच आहे. पहिला शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला, दुसरा बोलीतून. समांतरभुज, समलंब, समद्विभुज ही नावे ऐकताच आकृतीचा गुणधर्म कळतो, आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला मिळणारा हा लाभ फार मोलाचा आहे, तो कमी लेखला जातो याचे वाईट वाटते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलाला तोच लाभ द्यायचा असेल, तर त्याला ट्रिगोनोमेट्री आणि त्रिकोणमिती हे शब्द शेजारी शेजारी लिहून दाखवावेत: ‘ट्रि’ आणि ‘त्रि’ सगोत्र, ‘गोन’ आणि ‘कोण’ बहुधा उसने, ‘मेट्रोन’ आणि ‘मिति’ पुन्हा सगोत्र. ग्रीक तुकडे जुळवून हे नाव १५९५ मध्ये पिटिस्कस या युरोपीय गणितज्ञाने बनवले आणि मराठीत त्याचे भाषांतर झाले. इथे भाषांतराला वारसा आणि उसनवारी या दोघांनीही हात दिला आहे. त्यानंतर त्या मुलाला शुक्रवार पेठेत नेऊन १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून सुरू झालेल्या आणि आता महात्मा फुले यांचे नाव असलेल्या मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभे करावे, आणि १३५ अंशांचा कोन डोळ्यांनी ओळखायला लावावा.

मोठ्या संख्यांपाशी ही नामकरणाची रीत लंगडी पडते. ग्रीकांनी पंधरासाठी ‘पाच आणि दहा’ असे मध्ये ‘आणि’ घालून नाव केले, संस्कृताने तो ‘आणि’ समासात गाळून पंचदश केले, आणि अशा रीतीने कितीही बाजूंच्या आकृतीला नाव देता येते हे खरे. पण आर्किमिडीजने वर्तुळाच्या परिघाचे माप काढताना ९६ बाजूंची आकृती वापरली, तिचे लांबलचक नाव कोणी व्यवहारात घेत नाही. भास्कराचार्यांनी परिघ आणि व्यास यांचे सूक्ष्म गुणोत्तर ३,९२७ ला १,२५० असे दिले, आणि ते कसे येते हे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेत समजावून सांगितले. वर्तुळात षडस्र घ्यायचा, त्याच्या बाजू दुप्पट करत १२, २४, ४८, ९६, १९२ आणि ३८४ पर्यंत जायचे, आणि शेवटच्या आकृतीची परिमिती हाच परिघ मानायचा. ही टीका आणि मूळ लीलावती आप्पा बळवंत चौकाजवळच्या आनंदाश्रमाने १९३७ मध्ये एकत्र छापली, त्यामुळे पुण्याच्या वाचकाला ती सहज पाहता येते. षडस्रापासून निघालेल्या त्या हिशेबात ३८४ बाजूंच्या आकृतीला वेगळे नाव देण्याची गरज गणेश दैवज्ञाला पडली नाही, कारण तोवर तिच्या बाजू इतक्या बारीक झालेल्या असतात की शंभर व्यासाच्या वर्तुळात त्यांतली एकेक बाजू एकाहूनही लहान भरते.